समुद्रातले मासे आजारी पडतात काय?



माणूस आजारी पडतो, गुरांना लाळ्या-खुरकूत होते, कोंबड्यांवर मानमोडी येते, डहाणूच्या चिकूवरही रोग पडतो. हे सारे आपल्या नित्य परिचयाचे आहे. पण समुद्रातला मासा आजारी पडतो असे म्हटले म्हणजे पुष्कळांना नवल वाटते. सातपाटीच्या बंदरावर उतरणारे पापलेट चकचकीत असते, बोईसरच्या बाजारात पाटीतला बोंबील कालच्या भरतीचा असला तरी रोगट दिसत नाही. मग आजारी मासे आहेत तरी कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. जंगलात म्हातारे हरीण जसे क्वचित दिसते, तसाच समुद्रात आजारी मासा क्वचित दिसतो. माशाची चपळाई थोडी कमी झाली की त्याच्या पाठीमागे मोठा मासा लागलेलाच असतो. जो कोणाच्या तोंडी लागत नाही तो मरून तळाशी जातो, आणि तेथे खेकडे त्याची विल्हेवाट लावतात. तेव्हा आजार दिसत नाही म्हणून आजार नाही असे मानणे धाडसाचे आहे. आजच्या व्याख्यानात आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे, की समुद्रातील माशांच्या रोगांची, त्यातही विषाणुरोगांची, पाहणी रोग नसताना करावी लागते. आणि पालघर-तारापूरच्या किनाऱ्याला ह्या पाहणीची गरज इतर ठिकाणांहून अधिक आहे.

प्रथम विषाणू म्हणजे काय ते पाहू. विषाणू स्वतः खात नाही, वाढत नाही. सजीवाच्या पेशीत शिरून तिच्याकडूनच तो आपल्या प्रती काढून घेतो. माशांच्या मेंदूवर हल्ला करणारा बीटानोडाव्हायरस नावाचा विषाणू इतका लहान आहे, की तसले ४०,००० विषाणू एका रांगेत ठेवावेत तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरावा. समुद्राच्या एका चमचाभर पाण्यात कोट्यवधी विषाणू असतात, हे १९८९ साली नॉर्वेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दाखविले. हे ऐकून कोणी समुद्रस्नान सोडू नये. त्यांपैकी बहुतेक विषाणू जिवाणूंना व सूक्ष्म वनस्पतींना ग्रासणारे असतात. माशांना बाधणारे त्यामानाने थोडे, आणि ज्या विषाणूंविषयी आज आम्ही बोलणार आहोत ते माणसाला बाधत नाहीत. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या देहात रुळलेल्या ह्या विषाणूंना माणसाचे शरीर मानवत नाही. हे आरंभीच स्पष्ट करतो, म्हणजे घरी गेल्यावर कोणी कालवण टाकून देणार नाही.

माशांचे सर्वच विषाणुरोग सारखे घातक नसतात. लिम्फोसिस्टिस नावाच्या रोगात कातडीतील एकेक पेशी फुगून साध्या डोळ्यांना दिसेल एवढी होते, आणि माशाच्या परांवर मोत्यांसारख्या गाठी येतात. ह्या रोगाचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच झालेले आहे. त्याने मासा सहसा मरत नाही, फक्त विकला जात नाही. उलट बीटानोडाव्हायरस हा पिल्लांचा काळ आहे. तो मेंदूत व डोळ्याच्या पडद्यात पोकळ्या पाडतो. पिल्लू गरगर फिरू लागते, पोट वर करून तरंगते आणि मरते. भारतात हा रोग २००५ सालच्या सुमारास जिताड्याच्या पिल्लांत ओळखला गेला. आपल्या खाड्यांत सापडणारा, आणि ज्याच्या कालवणाची महती रायगडपासून डहाणूपर्यंत सांगितली जाते, तोच हा जिताडा.

आता मोकळ्या समुद्रात विषाणू काय करू शकतो त्याचे एक उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर पिलचर्ड नावाचा मासा थव्यांनी असतो. आपल्याकडील तारलीचा हा भाऊबंदच. १९९५ साली तेथे पिलचर्ड मरू लागले. मरणाची ही लाट किनाऱ्याच्या दोन्ही दिशांना, प्रवाहाच्या उलटसुद्धा, रोज कित्येक किलोमीटर पुढे सरकत गेली आणि सुमारे ५,००० किलोमीटरच्या किनाऱ्यावर पसरली. १९९८ च्या अखेरीस तीच कथा पुन्हा घडली. मेलेल्या माशांचे कल्ले तपासले तेव्हा ते सुजलेले आढळले. मासे पाण्यात असूनही गुदमरून मेले होते. कारण होते एक हर्पिस जातीचा विषाणू. ट्यूना माशांच्या संवर्धनासाठी परदेशांतून गोठविलेले पिलचर्ड खाद्य म्हणून आणले जात. त्यांतून हा विषाणू आला असावा अशी शंका अनेकांनी घेतली, परंतु ती सिद्ध झाली नाही. का सिद्ध झाली नाही? ऑस्ट्रेलियाच्या पिलचर्डमध्ये हा विषाणू पूर्वी होता की नव्हता, ह्याची नोंदच कोणापाशी नव्हती.

नोंद नसली म्हणजे शहाणीसुरती माणसेही कशी चकतात ह्याचे दुसरे उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आहे. युरोपातील ट्राउट माशांच्या तळ्यांत एक रक्तस्रावी विषाणुरोग बरीच वर्षे माहीत होता, आणि तो गोड्या पाण्याचा रोग असे सारे समजत. १९८८ साली वॉशिंग्टन राज्यात समुद्रातून नदीकडे परतणाऱ्या सॅमन माशांत तोच विषाणू सापडला. युरोपचा रोग घरात शिरला म्हणून एकच घबराट उडाली. बीजकेंद्रांतील मासे नष्ट करण्यात आले, हौद निर्जंतुक करण्यात आले. पुढे समुद्रातल्या कॉड व हेरिंग माशांची तपासणी सुरू झाली, आणि असे दिसून आले की हा विषाणू पॅसिफिक महासागरातला मूळचा रहिवासी आहे. त्याचे कूळ युरोपातल्या विषाणूहून वेगळे आहे. तो बाहेरून आलेलाच नव्हता. त्याला आजवर कोणी शोधले नव्हते एवढेच. त्यानंतर बाल्टिक समुद्रात आणि उत्तर समुद्रात मुद्दाम जहाजे पाठवून पाहण्या झाल्या, आणि कित्येक जातींच्या समुद्री माशांत तो आढळला. हा थंड पाण्याचा विषाणू असल्यामुळे आपल्या उबदार समुद्रात त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. आपण त्यापासून घ्यावयाचा तो धडा निराळा आहे: तहान लागल्यावर विहीर खणावयास निघालेला माणूस बहुधा चुकीच्या जागी खणतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, उच्छेळी, घिवली, वरोर, डहाणू ह्या गावांचे पोट समुद्रावर आहे. ह्याच पट्ट्यात तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि तिचे सांडपाणी नवापूरपाशी समुद्रात सोडले जाते. ह्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. अशा किनाऱ्यावर उद्या एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा थर लागला तर काय होईल? मच्छीमार म्हणेल, कारखान्याने मारले. कारखानदार म्हणेल, काही रोग आला असेल. कोणी म्हणेल, पाण्यातला प्राणवायू संपला. तिघांपैकी कोणापाशीही पुरावा नसेल. मासे दोन दिवसांत सडतील आणि वाद मात्र दहा वर्षे चालेल.

वस्तुतः ह्या कारणांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. विषारी पाण्याने किंवा प्राणवायूच्या अभावाने मरण आले तर ते जात पाहत नाही. मासे, खेकडे, कोळंबी सारेच एकदम मरतात, आणि थोड्या तासांत मरतात. जागाही बहुधा मर्यादित असते. विषाणू मात्र निवड करतो. ऑस्ट्रेलियात पिलचर्ड मेले, त्याच पाण्यातले इतर मासे राहिले; पिलचर्डमध्येही मोठे मेले, लहान पिल्ले बहुतांशी वाचली. मरणाची लाट दिवसेंदिवस पुढे सरकत राहिली. अर्थात निसर्ग पाठ्यपुस्तकाबरहुकूम वागत नाही. दूषित पाण्याने अशक्त झालेला मासा विषाणूला लवकर बळी पडू शकतो, मग दोन्ही कारणे एकाच प्रेतात सापडतात. म्हणून तर उत्तर समुद्राच्या भोवतालच्या देशांनी चपट्या माशांवरील गाठी, व्रण व यकृतातील बिघाड ह्यांची नियमाने मोजणी करण्याची प्रथा अनेक वर्षे चालविली आहे. रोग्यांची संख्या वाढली की समुद्राच्या प्रकृतीत काहीतरी बिनसले, एवढे त्यावरून कळते.

येथे कोणी विचारील, की अफाट समुद्रातले किती मासे तपासणार? आपल्या गृहिणींना ह्याचे उत्तर ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा. फक्त किती शिते घ्यावयाची ह्याला गणित आहे. समजा, एखाद्या जातीच्या शंभर माशांपैकी दोघांत विषाणू आहे. मग उचललेला एक मासा निरोगी निघण्याचा संभव शंभरात अठ्ठ्याण्णव. पण ओळीने १५० मासे उचलले आणि सारेच निरोगी निघाले, असे घडण्याचा संभव शंभरात पाचाहूनही कमी. म्हणजे १५० माशांत एकही रोगी न सापडल्यास, ह्या जातीत शंभरी दोन इतका रोग पसरलेला नाही असे आपण बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. शंभरी पाच रोगी असतील तर ६० मासे पुरतात, शंभरी दहा असतील तर ३०. रोग जितका तुरळक तितकी शिते जास्त.

मात्र भाताच्या पातेल्यात आणि समुद्रात एक फरक आहे. भात सगळीकडे सारखा शिजतो. समुद्र सगळीकडे सारखा नसतो. जे जाळे माशांचा पाठलाग करते, त्यात कोणते मासे यावे हे जाळ्याच्या वेगावर व आसावर ठरते. आमच्या मते ह्या बाबतीत आपल्या किनाऱ्याला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे डोल. खुंटांना बांधलेली ही लांबलचक पिशवी भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभी राहते, आणि पाणी जे आणील ते घेते. बोंबील, मांदेली, करंदी, वाकटी, जवळा, सारे तिच्यात येते. दुबळा मासा तर प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही, म्हणून तो तिच्यात सापडण्याचा संभव अधिक. शिवाय डोलीच्या जागा ठरलेल्या असतात. आज जेथे खुंट आहे तेथेच तो पुढल्या वर्षी असतो. शास्त्रज्ञाला लाखो रुपये खर्चून जी कायमची निरीक्षणस्थाने समुद्रात उभी करावी लागतील, ती आमच्या मांगेला, वैती व कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या उभी करून ठेवली आहेत.

पाहणीचे काम कसे चालावे ते थोडक्यात सांगतो. पापलेट, बोंबील, मांदेली, घोळ आणि जिताडा ह्या पाच जाती घ्याव्या. प्रत्येकीचे १५० मासे पावसाळी मासेमारीबंदीपूर्वी व १५० बंदी उठल्यानंतर घेतले तर वर्षाला १,५०० मासे होतात. पाच-पाच माशांचे नमुने एकत्र करून तपासले तर ३०० तपासण्यांत काम भागते; एखादा गट बाधित निघाला तरच त्यातले मासे सुटे तपासावयाचे. मासा होडीवरच बर्फात ठेवावा लागतो, कारण विषाणूची खूण उन्हात टिकत नाही. पकडल्याची जागा, दिनांक, भरतीची वेळ, पाण्याचे तापमान, माशाची लांबी व वजन हे सर्व वहीत उतरवावे. मग मेंदू, डोळा, कल्ले, प्लीहा व मूत्रपिंड ह्यांचे तुकडे काढावयाचे: काही मद्यार्कात, काही फॉर्मॅलिनमध्ये, आणि काही अतिशीत पेटीत पुढील पिढीसाठी. हा शेवटचा भाग कोणी चैन समजू नये. अमेरिकेतील महासरोवरांत २००५ साली जो रक्तस्रावी विषाणू ओळखला गेला, तो २००३ सालच्या राखून ठेवलेल्या एका माशाच्या नमुन्यातही निघाला. त्यामुळेच तो तेथे केव्हापासून आहे ह्याचा धागा मिळाला.

प्रयोगशाळेतील परीक्षेचे नाव सांगितले तर आपण हसाल. २०२० साली आपल्या सर्वांच्या नाकात ज्या परीक्षेसाठी काडी घातली गेली, तीच ही आर.टी.-पी.सी.आर.! विषाणूच्या आनुवंशिक मजकुराचा लहानसा तुकडा नमुन्यात असेल तर त्याच्या कोट्यवधी प्रती काढून तो ओळखावयाचा, हे तिचे तत्त्व. पण त्या वर्षी आपण आणखी एक गोष्ट शिकलो, ती येथेही लागू आहे. तपासणीत विषाणू सापडला म्हणजे रोगी सापडला असे नव्हे. धडधाकट मासाही विषाणू बाळगून असतो. म्हणून ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खरोखर इजा झाली आहे काय, आणि पेशींच्या संवर्धनात तो विषाणू जिवंत वाढतो काय, हे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

अर्धवट निष्कर्षाने किती नुकसान होते ते २००६ साली आपण पाहिले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला. हे नवापूर आपले किनाऱ्यावरचे नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातले. पण महाराष्ट्रभर, किंबहुना देशभर, लोकांनी कोंबडी खाणे टाकले आणि ज्यांच्या खुराड्यात काहीच नव्हते असे पाळणारेही बुडाले. तो रोग माणसाला बाधण्याजोगा तरी होता. माशांचे हे विषाणू तसे नसतानाही, ‘पालघरच्या माशात विषाणू’ एवढी अक्षरे कोठे छापून आली, तर पाटी डोक्यावर घेऊन दारोदार जाणाऱ्या आमच्या भगिनींच्या चुलीत पाणी पडेल. तेव्हा पाहणीचे निकाल सांगताना त्यांचा अर्थही त्याच वाक्यात सांगणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे. पण ह्या भयाने पाहणीच करू नये असे म्हणणे म्हणजे वैद्य काय सांगेल ह्या भीतीने नाडीच न दाखविण्यासारखे आहे. पूर्वीची नोंद हाती असेल तर अफवेला उत्तर देता येते. नसेल तर अफवा हेच सत्य होऊन बसते.

आणखी एक इशारा देणे जरूर आहे. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला, आणि त्याच पापलेटाची आवक घटल्याची तक्रार सातपाटी करीत आहे. ही घट विषाणूमुळे झाली असे म्हणण्यास आज काडीचाही आधार नाही. बारीक आसाच्या जाळ्यांत लहान पिल्ले मारली जातात हे कारण डोळ्यांसमोर आहे. विषाणूच्या नावावर आपला दोष खपविण्याची सोय कोणालाही मिळू नये, ह्यासाठीही पाहणी हवी.

ह्या कामास माणसे व संस्था नाहीत असे नाही. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून उभी आहे. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशातील मासळीच्या उत्पन्नाची मोजदाद करीत आली आहे, आणि तिचे केंद्र मुंबईत आहे. २०१३ साली लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेच्या नेतृत्वाखाली जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. मात्र त्याचा मुख्य रोख पाळलेल्या माशांवर व कोळंबीवर आहे. तो तसा असणे समजण्यासारखे आहे. १९९४-९५ साली कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि पूर्व किनाऱ्यावरील तळी ओस पडली. पण त्याच प्रकरणाने हेही शिकविले, की तळ्याचे आणि समुद्राचे आरोग्य वेगळे काढता येत नाही. कारण बीजासाठी समुद्रातून धरून आणलेल्या वाघ्या कोळंबीच्या माद्यांतही तो विषाणू निघाला. २००९ पासून आपल्याकडे रोगमुक्त परदेशी कोळंबी आली, ती ह्याच अनुभवातून.

आणि ह्या पाहणीचा नमुना शोधावयास आपल्याला लांब जावे लागत नाही. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्याशेजारी पर्यावरण सर्वेक्षणाची प्रयोगशाळा आहे. भोवतालचे पाणी, दूध, धान्य व समुद्रातले मासे नियमाने आणून त्यांतील किरणोत्सर्ग तेथे मोजला जातो. ह्यामागचे तत्त्व असे, की आधीचा आकडा माहीत असल्याशिवाय नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. किरणोत्सर्गाच्या बाबतीत जी दूरदृष्टी आपण दाखविली तीच माशांच्या रोगांच्या बाबतीत दाखवावी, एवढीच आमची मागणी आहे.

ह्या मागणीला आता मुदत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर व्हावे की न व्हावे ह्या वादात आज आम्ही शिरत नाही. परंतु मोठी जहाजे तोल सांभाळण्यासाठी एका समुद्राचे पाणी भरून दुसऱ्या समुद्रात सोडतात, आणि त्या पाण्यातून जीवजंतूही प्रवास करतात, ही गोष्ट जगाने मान्य केली आहे. त्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात आहे. उद्या ह्या समुद्रात एखादा नवा विषाणू आढळला, तर तो जहाजाने आणला की येथलाच होता, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाप्रमाणे आपल्यालाही पडेल. त्याचे उत्तर देणारी वही जहाजे येण्यापूर्वीच लिहिली गेली पाहिजे. नंतर कितीही पैसा ओतला तरी कालचा समुद्र आज तपासता येणार नाही.

२०२१ साली मुरब्याच्या एका मच्छीमाराला एकाच खेपेत १५७ घोळ मिळाले, आणि त्या माशांच्या बोथाला कोटीच्या वर किंमत आली. ती वार्ता देशभर गेली. ह्याच किनाऱ्यावर ‘यंदा १५० घोळ तपासले, सर्व निरोगी’ अशी वार्ता निघाली तर ती कोणी छापणार नाही, हे आम्ही जाणतो. तिच्यात चमत्कार नाही. पण ज्या दिवशी समुद्राविषयी वाद उभा राहील, त्या दिवशी न्यायाधीशासमोर ठेवावयास तीच उपयोगी पडेल. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांनी, मच्छीमार सहकारी संस्थांनी आणि आपण नागरिकांनी ही नोंद मागावी आणि ती ठेवण्यास हातभार लावावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.